तिसरी घागर

ओट्यावर तीन घागरी होत्या. माखननं त्या पाहिल्या आणि पिळलेलं धुणं तसंच हातात धरून ती उभी राहिली. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की नंदुरबारच्या बाजारात कुंभारांच्या लाल घागरींची रांग लागते. चांगल्या घागरी लोक आधीच उचलून नेतात, म्हणून सासूबाई, म्हणजे कौसाबाई, उन्हं चढायच्या आत जाऊन आपल्या घेऊन येतात, हे तिला गेल्या वर्षापासून ठाऊक होतं. पण गेल्या वर्षी घागरी दोनच होत्या. एक सासऱ्यांच्या नावाची, एक आजेसासूच्या. या मुलखात आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, वर सांजोरी आणि खरबूज ठेवतात. म्हणजे गेलेल्यांना उन्हाळ्यात तहानेनं व्याकूळ व्हावं लागत नाही. तिसरी घागर प्यायच्या पाण्याची असेल, अशी तिनं आपली समजूत घालून पाहिली. पण कौसाबाईंनी तिन्ही घागरींवर बोटाच्या पेरानं टिचकी मारून नाद ऐकला, आणि तिसरीकडे हनुवटीनं खुणावत, बाजारातून बांगड्या आणल्यासारखं सहज सांगितलं, "ती तुन्ही मायनी शे."

माखननं मान हलवली. हीच तर तिची खोड. दोन वर्षांपूर्वी रंगूनहून नवऱ्याबरोबर, म्हणजे नवलबरोबर, इथं आली तेव्हा एक अक्षर कळत नव्हतं, आणि न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला मान हलवली की माणसं खूष होतात, एवढं मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. मान हलवून हलवून तिनं हातावर गोंदून घेतलं, मान हलवून वर्षभराच्या पापडांचं पीठ कुटायचं कबूल केलं, आणि मान हलवूनच स्वतःचं नावही देऊन टाकलं. आईबापांनी ठेवलेलं नाव मा खिन. कौसाबाईंनी ते दोनदा तोंडात घोळवलं, आणि तिसऱ्या वेळेला त्याचं माखन झालं. वाईट वाटलं का? छे, उलट गंमतच वाटली. नाव बदललं म्हणून माणूस काय झिजतं? आता तर तिला अहिराणी चांगली समजायची, बोलताना तेवढी अडखळायची. पण आज सगळं समजून उमजून मान हलली होती, आणि ती हलायला नको होती. कारण घागर तिच्या आईच्या नावाची होती, आणि घागर मेलेल्या माणसाची भरतात.

धुणं दोरीवर टाकता टाकता तिनं सासूवर रागवायचा प्रयत्न केला, पण तो राग काही जमेना. कौसाबाईंनी माया केली होती; राग यायला जागाच ठेवली नव्हती. दोन वर्षं झाली, ब्रह्मदेशात जपानी येऊन बसले होते, टपाल बंद, तार बंद, तिकडून कुणी माणूसही येत नव्हता. अशा वेळी एखादीनं मेल्यागेल्याची चौकशीसुद्धा केली नसती. या बाईनं तिकडच्या कधी न पाहिलेल्या विहीणबाईच्या तहानेची काळजी केली, आपल्या नवऱ्याच्या घागरीशेजारी तिची घागर मांडली. हिला काय म्हणायचं? माझी आई जिवंत आहे, तुमची घागर परत करा? आणि त्यावर कौसाबाईंनी साधा प्रश्न केला असता, तुला कसं ठाऊक, तर ती काय सांगणार होती? ठाऊक नव्हतंच. इतकंच होतं की आई मेली असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. न म्हटलेली गोष्ट अर्धी तरी खोटी असते, त्या अर्ध्यावर तिनं दोन वर्षं काढली होती. घागर भरली की संपलं. मग कौसाबाई, शेजारणी, उद्या कदाचित नवलसुद्धा, तिच्या आईबद्दल मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलायला लागतील.

आणि झालंही तसंच, ते सुद्धा दुपारच्या आत. शेजारची सिंधुबाई पदर तोंडाशी धरून आली आणि माखनच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. रडण्यात ती गल्लीत वाकबगार. कुणाकडे काही झालं की आधी तिला बोलावणं जायचं. तिनं माखनच्या आईचे गुण गायले, जे तिला कुणी सांगितले नव्हते. ती फार सोशिक होती म्हणाली, कधी कुणाला उलट बोलली नाही म्हणाली. माखनला रडू यायच्या ऐवजी हसू फुटायची पाळी आली. सोशिक! तिची आई रंगूनच्या गोदीजवळ तळलेल्या भोपळ्याचं दुकान मांडून बसायची, तोंडात हातभर चिरूट, आणि गोदीतले तगडे हमालसुद्धा तिच्याशी भाव करायला भ्यायचे. माखननं हसू लपवायला तोंड पदरात घातलं. सिंधुबाईला वाटलं पोरीचा बांध फुटला, आणि ती आणखी मोठ्यानं रडली.

पण संध्याकाळी चूल पेटवताना ते हसू मावळलं, कारण तिच्या लक्षात आलं की आईचा चेहरा आठवत नाही. चिरूट आठवत होता, भोपळ्याच्या भज्यांचा वास आठवत होता, गोदीच्या गर्दीत आईनं शेवटचं जे म्हटलं ते आठवत होतं. रंगूनवर बाँब पडल्यावर भाताच्या गिरणीच्या मालकानं आपल्या हिंदी माणसांना बोटीची तिकिटं मिळवून दिली होती. नवल त्या गिरणीत फिटर, त्यामुळे तिचंही तिकीट निघालं. आई निरोपाला आली आणि रडली नाही. गाठोड्याची गाठ चुकीची बांधलीस म्हणून तिनं ते तिथंच, लोकांच्या पायांत बसून, सोडलं आणि पुन्हा बांधलं. मी नदीच्या वरच्या अंगाला बहिणीच्या गावी जाते म्हणाली, तू परत आलीस की तिंजानला माझं डोकं धुवायचं राहिलंय ते धू. एवढं सगळं लख्ख होतं. त्याच्या मधोमध जिथं चेहरा हवा तिथं मात्र काही नव्हतं. तिनं डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. आईची ओली मान दिसायची, केसांतून निथळणारं पाणी दिसायचं. भाकरी करपायला लागली तेव्हा तिनं ती उलटली. माणूस मेलं की चेहरा आधी जातो का, असं विचारायलाही इथं कुणी नव्हतं.

तिंजान. चुलीपुढं तो शब्द मनात आला आणि तसाच बसून राहिला. ब्रह्मदेशातलं वर्ष चैत्रात बदलतं. तेव्हा तीन-चार दिवस सारा मुलूख एकमेकांवर पाणी ओततो. ज्याच्या अंगावर पाणी पडत नाही त्याला चुकल्यासारखं वाटतं. नवलची आणि तिची ओळखच मुळी अशी झाली. धुतलेलं धोतर, नवा कोट, डोक्यावर काळी टोपी घालून हा खानदेशी गडी गिरणीत निघालेला, आणि तिनं दुकानामागून आख्खी बादली त्याच्यावर रिकामी केली. तो चिडला नाही. टोपी काढून पिळली, पुन्हा घातली आणि अहिराणीत काहीतरी म्हणाला. तो काय म्हणाला होता ते तिनं लग्नानंतर विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की आमच्याकडं आखाजीच्या आधी पाणी मिळत नाही, आणि तुम्ही ते सांडता. तिंजानला घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं डोकं पोरीबाळी शिकेकाईनं धुतात, त्यांच्या हातावर वासाचं पाणी घालतात, त्यांच्यापुढं गुडघे टेकतात आणि त्यांना जेवू घालतात. जिवंत म्हाताऱ्यांना. मेलेल्यांचं त्या दिवशी काही नसतं.

नवल घरी आला तेव्हा तिनं त्याला विचारलं, आज इंग्रजी तारीख कोणती. तो इथल्या कापसाच्या जिनात कामाला होता आणि तिथं ऑफिसात कॅलेंडर होतं. त्यानं सांगितली, मग एकदम थांबला आणि त्याचा चेहरा फुलला. तिंजान तीन दिवसांवर आलं होतं. त्याला घागरीबद्दल तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आईशी बोलला असता, आई गप्प झाली असती, घागर परत गेली असती आणि घरात एक कोपरा कायमचा दुखरा होऊन बसला असता. तिला तसं नको होतं. ती एवढंच म्हणाली, मला आमच्या सणाचं जेवण करायचंय, आत्याबाईंना वाढायचंय, काकांना बोलवायचंय. आत्याबाई म्हणजे कौसाबाईच, सासूला ती तशी हाक मारायची. काका म्हणजे लोटनकाका, नवलच्या वडिलांचे धाकटे भाऊ. सारंगखेड्याला असायचे, शेती आणि घोड्यांची आवड. माखन पहिल्यांदा घरात आली तेव्हा त्यांनी यात्रेत घोडी पाहावी तसं तिला समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि पाय चांगले आहेत म्हणाले. पण दोन वर्षांत तिच्या हातचं काही खाल्लं नव्हतं. तिकडची माणसं काय काय खातात ते त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि ते ऐकल्यापासून ते आले की कौसाबाईंच्या हातच्या भाकरीशिवाय काही मागत नसत. नवल म्हणाला, काकांचं अवघड आहे. मग म्हणाला, बोलावू तर खरं.

आता खरी पंचाईत तांदळाची. तिंजानला लहान लहान गोळे करतात, तांदळाच्या पिठाचे, पोटात गुळाचा खडा. उकळत्या पाण्यात सोडले की बुडतात, आणि शिजले की आपोआप वर येऊन तरंगतात. वर खोबरं भुरभुरायचं की झालं. त्याला चिकट तांदूळ लागतो, आणि खानदेशात चिकट तांदूळ म्हणजे वाया गेलेला तांदूळ. त्यात लढाईचे दिवस, तांदूळ मिळायचीच मारामार. तिनं घरातल्या तांदळाचे चार गोळे करून पाहिले. ते पाण्यात फुटले आणि त्यांची पेज झाली. कौसाबाईंनी ती पेज ताक घालून पिऊन टाकली आणि सून कशाच्या मागे लागली आहे ते विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी नवल तिला आगगाडीनं खांडबाऱ्याच्या बाजाराला घेऊन गेला. तिथं डोंगराकडून आलेली धनुबाई नावाची बाई टोपलीभर लालसर, जाड तांदूळ पुढ्यात घेऊन कंटाळून बसली होती. हा शिजवला की हाताला चिकटतो, मग लोक शिव्या देतात, असं ती आपण होऊन सांगत होती. माखननं दोन दाणे चावले, आणि भर बाजारात नवऱ्याला त्याच्या नावानं हाक मारली. या मुलखात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे तिला त्या क्षणी सपशेल विसरायला झालं. धनुबाई पोट धरून हसली.

परत येताना गाडीच्या खिडकीतून तापलेली रानं पळत होती आणि मांडीवर तांदळाचं गाठोडं होतं. तिला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून भीतीही वाटत होती. नंदुरबार जवळ आलं तसा नाकात तो वास आला. गावाबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या, हंगाम सरला तरी मातीत तिखटाचा वास मुरलेला. पहिल्यांदा या स्टेशनावर उतरली तेव्हा ती इतकी शिंकली होती की सासूनं ओवाळायचं ताम्हण बाजूला ठेवून तिला आधी पाणी दिलं होतं. ओवाळायच्या आधी पाणी. कौसाबाई म्हणजे अशा. मग या बाईचं मन आपण मोडणार, तेही तिनं आपल्या आईसाठी आणलेल्या घागरीवरून? आईचा चेहरा आठवला असता तर जीव घट्ट करून मोडलंही असतं. पण आठवत नसलेल्या माणसाला जिवंत म्हणायला ती कोण होती? शिंक आली आणि विचार तुटला. नवल हसला.

तिंजानच्या सकाळी तिनं कौसाबाईंना विचारलं, मी तुमचं डोकं धुऊन देऊ का. कौसाबाईंचा उजवा खांदा दुखायचा, त्यांनी लगेच मान पुढं केली. घरात शिकेकाई होतीच. तिनं ती उकळली, गाळली, कोमट केली, आणि न्हाणीत कौसाबाईंच्या मागे उकिडवी बसून त्यांच्या पांढऱ्या केसांत ओतली. रंगूनमध्ये याच शेंगा, हाच वास. गेल्या दोन वर्षांत कौसाबाई न्हायल्या की ती काहीतरी निमित्त काढून अंगणात निघून जायची. आज ती हलली नाही. मानेवरून पाणी ओघळलं, बोटांखाली टाळू गरम लागली. तेवढ्यात कौसाबाई ओरडल्या, "डोयामा गयं वं!" आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून, तोंड वेडंवाकडं करून मान मागे वळवली. त्या वेड्यावाकड्या तोंडातच तिला आई दिसली. दरवर्षी तिच्या आईच्याही डोळ्यांत शिकेकाई जायची, आणि दरवर्षी ती अशीच, अगदी अशीच, वळून शिव्या द्यायची. बसकं नाक, डाव्या गालावरचा तीळ, चिरुटानं काळे पडलेले ओठ, सगळं होतं तिथं. गोदीत तिनं आईला शेवटचं पाहिलं होतं, म्हणून इतके दिवस ती गोदीतला चेहरा शोधत होती. चेहरा न्हाणीत होता, चिडलेला. माखन पाणी ओतत राहिली आणि हसत राहिली, आणि सासूला वाटलं सून आपल्याला हसते आहे.

दुपारी पडवीत पाट मांडले. लोटनकाका आले होते, पण बघायला आलोय, जेवून आलोय, असं त्यांनी पाय धुतानाच सांगून ठेवलं. नवलनं जांभळीची डहाळी पाण्यात बुडवून त्यांच्या फेट्यावर चार थेंब उडवले. तो कोणता देव म्हणून त्यांनी विचारलं, आणि देव नाही, नुसतं पाणी आहे, असं कळल्यावर त्यांना ते काही पटलं नाही. सिंधुबाई न बोलावता आली होती, तिला पाट दिला. भात सुवासिक पाण्यातला, त्याच्याबरोबर किसलेली कैरी, तळलेला कांदा, भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट. सुकी मासळी असते, ती माखननं गाळली होती, आणि तसं तिनं काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलंही. मग गोळे वाढले. यातली एक गंमत तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिंजानच्या गोळ्यांत एखाद्याच्या पोटात गुळाऐवजी लवंगी मिरची लपवतात. ज्याच्या वाट्याला ती येते तो ओरडतो, तोंड धरून नाचतो, आणि सगळे हसतात. रंगूनला या मिरचीनं एका पोलिसाला रडवलं होतं. ताट वाढताना तिनं मिरचीचा गोळा नवलसाठी नेम धरून ठेवला, पण लोटनकाकांनी, एक चाखायला काय हरकत, असं पुटपुटत हात लांब केला आणि नेमका तोच उचलला.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या हातचं तोंडात घातलं, आणि ते हे! काका चावत होते. शांतपणे, डोळे अर्धवट मिटून, घोड्याचे दात तपासताना जसे गंभीर व्हायचे तसे. गिळलं. मग बोट उगारून म्हणाले, "हाई बरं जमनं. बाकीना फिक्का दिखतस. मिरची एकमाच काबरं टाकी?" नवल जो सुटला तो हसता हसता पाटावरून खाली घसरला. सिंधुबाईनं आपले दोन्ही गोळे फोडून पाहिले, मिरची नाही असं पाहून तिचं तोंड एवढंसं झालं. कौसाबाईंनी आत जाऊन मिरच्यांची परडीच आणली, आणि ब्रह्मदेशाची ती गोड गोड थट्टा नंदुरबारच्या मिरचीबरोबर चावून सगळ्यांनी संपवली. काकांनी भात मागून घेतला. जेवून आलोय हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं आणि कैरीही मागितली.

हसण्याचा भर होता, सगळे सैल झाले होते, आणि माखनच्या मनानं घेतलं की आत्ताच, आत्ता नाही तर कधीच नाही. तांब्यात मोगऱ्याची फुलं टाकलेलं पाणी घेऊन ती कौसाबाईंसमोर आली, त्यांचे हात पुढं ओढून त्यांवर ते ओतलं, मग गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. सिंधुबाईनं विचारलं, हे काय असतं? माखन उठली नाही. तशीच बसून, जमिनीकडं बघत, अडखळत पण एकेक शब्द धरून म्हणाली, "मन्हा मुलखात हाई जित्ती मायले करतस. आत्याबाई, मन्ही माय मरेल नही. तिनी घागर नका भरा."

कौसाबाईंच्या हातांवरून मोगऱ्याचं पाणी ताटात ठिबकत होतं. माखनला वाटलं, झालं, मोडलं. सासूच्या चेहऱ्याकडं बघायची तिची छाती होईना. मग कौसाबाई म्हणाल्या, तू तर मान हलवली होतीस. माखननं सांगितलं, हो, हलवली, मला मान हलवायची खोड आहे. त्यावर काका मोठ्यानं हसायला लागले होते, कौसाबाईंनी एका नजरेनं त्यांना गप्प केलं. मग त्यांनी ओले हात पदराला पुसले. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं असेल ते माखनला पुढं कधी विचारावंसं वाटलं नाही. घागर प्यायच्या पाण्याला लावू, असं त्या शेवटी म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज बदलला, काळजीचा झाला.

"मरेल नही," त्या म्हणाल्या, "तं तिले भूक लागेल व्हई."

हा विचार माखनच्या डोक्यात कधी आला नव्हता. आई मेली की जिवंत, एवढाच तिचा हिशेब. जिवंत आई जेवते, तिला भूक लागते, लढाईत तिला भात मिळतो की नाही, हे तिनं मनाच्या उंबऱ्यातसुद्धा येऊ दिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. पण कौसाबाईंना रडायला वेळ नव्हता. त्यांनी लुगडं सावरलं, नवा पाट ओढला, ताट पुसलं आणि म्हणाल्या, "तिना नाववर बठस मी. वाढ." आखाजीला या घरांत गेलेल्याच्या नावानं कुणालातरी पाटावर बसवून जेवू घालतात, तो माणूस तेवढा वेळ त्या नावाचाच होतो. जिवंत माणसाच्या नावावर बसलेलं कुणी ऐकलं नव्हतं. सिंधुबाई म्हणाली, असं चालतं का? काकांनी विचार केला, मिशा चाचपल्या आणि न्याय दिला की मेलेल्याला चालतं तर जित्याला दुप्पट चालायला पाहिजे. मात्र नियम सगळे पाळायचे. जिच्या नावावर बसायचं तिला काय आवडतं ते सगळं खायचं, ती बसते तसं बसायचं, आणि लेकीनं तिला रोजच्या हाकेनंच हाक मारायची.

मग काय विचारता! माखननं दाखवलं तशा कौसाबाई दोन्ही पाय एका अंगाला दुमडून बसल्या. खांदा दुखत होता त्यात आता गुडघाही भरीला आला. आई भात बोटांच्या टोकांनी खाते, हे कळल्यावर त्यांनी तसा खाल्ला, अर्धा सांडला. ती कशी बोलते, असं त्यांनी विचारलं. माखन म्हणाली, ओरडते. कौसाबाईंनी लगेच नवलला ओरडून दाखवलं, त्याला सासूचा मान म्हणून पाया पडायला लावलं, आणि पोटच्या पोराकडून जावयासारखा नमस्कार घेताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान दिसलं की सिंधुबाईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. आई चिरूट ओढते, हे माखननं दडवून ठेवलं होतं, पण नवलनं फोडलं. काकांनी खिशातून विडी काढली. नियम म्हणजे नियम, असं म्हणून कौसाबाईंनी ती तोंडात धरली, एक झुरका घेतला, आणि त्यांना असा ठसका लागला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. माखन त्यांची पाठ चोळत होती, आणि हसत होती, आणि त्या ठसक्यात, धुरात, मोगऱ्याच्या वासात तिला खरोखरच वाटलं की कुठंतरी नदीच्या वरच्या अंगाला, मावशीच्या घरात, एक चिडकी म्हातारी या क्षणी जेवायला बसली आहे. खात्री नव्हती. पण तशी खात्री कुणाची कुणाला असते?

जेवणं उरकली. काकांनी सांगितलं, आता शेवटचा नियम. वाढणाऱ्यानं तीनदा विचारायचं, पोट भरलं का; नावावर बसलेल्यानं भरलं म्हणायचं, पाटावरून उठायचं, म्हणजे ज्याच्या नावानं बसला तो तृप्त होऊन आपल्या वाटेला लागतो. म्हणजे आईला वाटेला लावायचं, तेही आपल्या तोंडानं! तिला विचारायचंच नव्हतं. पण सगळे तिच्याकडं बघत होते, नवलसुद्धा. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला, आणि रंगूनहून निघाल्यापासून आईला मारायची जी हाक कुणालाच मारली नव्हती ती मारली.

"अमे," ती म्हणाली, "पोट भरनं का?"

"नही," कौसाबाई म्हणाल्या.

काकांना वाटलं वहिनींना ऐकू आलं नाही. माखननं दुसऱ्यांदा विचारलं. कौसाबाईंनी मान हलवली, नाही अशी, ठाम. काका अस्वस्थ झाले. वहिनी, असं चालत नाही म्हणाले, भरलं म्हण आणि उठ, जेवण सुफळ व्हायला पाहिजे. माखननं तिसऱ्यांदाही विचारलं. कौसाबाई पाटावर आणखी ऐसपैस बसल्या. दुखरा गुडघा त्यांनी हातानं नीट दुमडून घेतला, रिकामं ताट पुढं सरकवलं आणि लोटनकाकांकडं न बघता सुनेकडं बघून म्हणाल्या,

"जेनं पोट भरस तो उठी जास. माले कोठेच जानं नही. वाढ."